काठाची आतली बाजू

१

वाळुंजाची मेख ठोकायला काही मोठी विद्या लागत नाही, असं धाकटी आपल्या काठ बांधणाऱ्या टोळीतल्या नव्या माणसांना नेहमी सांगायची. वाळुंज हे पाण्याच्या कडेचं झाड, मोठं चिवट. ओली फांदी तोडून मातीत खोचली की ती मुळं धरते, आणि ढासळता काठ मुठीत घ्यावा तसा आवळून ठेवते. फक्त फांदी उलटी जाता कामा नये. म्हणून तिने एक रीत घालून दिली होती. बुडाकडचं टोक कोयत्याने तिरपं तासायचं, शेंड्याकडचं सपाट. तिरपं आत, सपाट बाहेर. मग सपाट डोक्यावर लाकडी मोगरीचे ठोके, दोन हलके आणि एक जोराचा. मेख बसली की तिच्याभोवती ओली माती अंगठ्याने दाबायची, सगळीकडून, हलक्या हाताने.

"फट ठेवायची नाही," ती सांगायची. "फट राहिली की आत हवा शिरते, आणि हवा शिरली की मूळ वाळतं. झोपलेल्या पोराभोवती पांघरूण खोचतो ना, तसं दाबायचं."

"बाई, आमच्या आईने कधी पांघरूण खोचलंच नाही," भोंगा म्हणायचा. "म्हणून तर मी असा वाळलोय."

मोगरी मारणारा हा गडी काटकुळा होता, पण त्याचा आवाज दोन्ही काठांना ऐकू जायचा. त्यावरून टोळीने त्याचं नाव भोंगा ठेवलं होतं.

धाकटीने अशी कामं पुष्कळ केली होती, पण या खेपेची गोष्ट वेगळी होती. ओढा ज्या वळणावर काठ खात होता, त्याच वळणावर तिच्या ताईचं घर होतं. गेल्या पुरात परसातलं लिंबाचं झाड गेलं, धुण्याचा दगड गेला, कपडे वाळत घालायची तार खांबासकट गेली. आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून खरकटं पाणी भिरकावलं, तर ते थेट ओढ्यात पडेल इतका काठ घराजवळ आला होता. ताईचा मुलगा गाडी घेऊन तिला न्यायला आला होता. ताईने बोचकीसुद्धा बांधली होती. आणि धाकटीने स्वतःच्या हाताने ती सोडली होती.

"मी काठ धरते," ती म्हणाली होती. "तू जागा सोडू नकोस."

आई गेल्यावर ताईनेच तिला वाढवलं होतं. वेण्या घातल्या, आजारपणं काढली, तिच्यापायी स्वतःचं लग्न लांबवलं. हे घर ताईने आणि भावोजींनी एकेक खोली करत बांधलं होतं. भावोजी गेल्यावर तेच तिचं माणूस होतं. त्याच्याविना ताई कुणाच्या तरी बाल्कनीत बसलीय, हे चित्र धाकटीला बघवत नव्हतं.

मुलगा निघताना एवढंच म्हणाला, "मावशी, तुझ्या भरवशावर ठेवून चाललोय."

२

काम दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. काठाच्या पायाशी दगड रचून झाले. त्यांच्यावर काथ्याच्या वळकट्या बसल्या, आणि त्यांच्या वर उतारावर हात हात अंतराने मेखांच्या रांगा. काठावर एक जुनं झाड अर्ध्या मुळांवर लोंबकळत होतं, त्याला वाचवायचं म्हणून त्याच्याभोवती मेखांचं रिंगण केलं. ज्याला धरायचं त्याच्याभोवती रिंगण, हीसुद्धा टोळीची रीतच.

मेखांना कोवळे कोंब फुटले. पाणी त्यांच्यात अडखळायला लागलं, आणि अडखळलं की हातातला गाळ तिथेच टाकून पुढे जायचं. बघता बघता काठ जाड झाला. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नुसता थांबला नाही हो, पुढे आलाय," तो हसून म्हणाला. "एवढ्या लवकर होत नाही असं. तुमच्या हाताला गुण आहे."

त्या दुपारी धाकटी ताईकडे चहाला गेली. स्वयंपाकघर तेच होतं. शेगडी, तिच्या डाव्या हाताला पिंप, वरच्या फळीवर डबे, फळीखाली लाकडी स्टूल. ताई बुटकी. भावोजींनी फळी स्वतःच्या उंचीच्या हिशेबाने ठोकली, यावरून ताईने जन्मभर त्यांना ऐकवलं होतं. साखर हवी असली की स्टूल ओढायचं, त्यावर चढायचं, आणि वरून भावोजींच्या नावाने खडे फोडायचे. ते गेले तरी हा कार्यक्रम चुकला नव्हता.

"इंजिनिअर म्हणाला हाताला गुण आहे?" ताई म्हणाली. "त्याला तुझ्या हातचा चहा पाजलाय का कुणी?" आणि हसत हसत तिने हात वर केला, साखरेचा डबा काढला, आधणात दोन चमचे टाकले, डबा जागेवर ठेवला.

धाकटीला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते कळेना. चहा पिऊन ती निघाली, ओढ्यापर्यंत आली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

ताईने स्टूल घेतलंच नव्हतं.

माणूस म्हातारपणी खचतं, वाढत नाही. धाकटीने स्वतःला समजावलं की फळीचं ब्रॅकेट सैल झालं असेल, फळी खाली आली असेल. उद्या स्क्रू आवळून देऊ, असं म्हणून तिने मोगरी उचलली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भोंग्याला हाक मारली ती काठावरची पाखरं उडावी अशी.

"डोळे गहाण टाकलेस का रे? हे काय आहे?"

नव्या काठाच्या उभ्या अंगावर, खालच्या रांगेच्या वर, काही तिरपी टोकं बाहेर डोकावत होती. ताजी तासलेली, पांढरीशुभ्र. मेखा उलट्या ठोकल्या की असंच दिसतं.

"बाई, आईशपथ, मी इथे एकही मेख मारली नाही," भोंगा म्हणाला. "ही रांग आपली नाहीच. आपली खाली संपली."

"मग काय मातीने मारल्या?"

त्याने मोगरी खाली ठेवली. दोघी-तिघी जणी हातातलं काम टाकून बघायला लागल्या.

धाकटीने एक टोक धरलं आणि ओढलं. मेख सहज येईना. माती तिला चिकटून होती, नीट दाबलेली, कुठेही फट नसलेली. शेवटी भोंग्याने आणि तिने मिळून ती उपसली.

तिने ती हातात फिरवून पाहिली आणि पुन्हा फिरवून पाहिली. उलटी ठोकायची तर तिरप्या टोकावर मोगरी मारावी लागते. ते टोक चेचलं जातं, त्याचा ब्रश होतो. इथे तिरपं टोक धारदार होतं, त्याला मोगरी लागलीच नव्हती. मार होता तो दुसऱ्या डोक्याला, मातीत खोल गाडलेल्या सपाट डोक्याला. ते ठोक्यांनी चपटं झालं होतं, कडा फुलल्या होत्या. आणि त्याच्या खालच्या डोळ्यांतून कोंब फुटून पानं आली होती. पानं पांढरी होती, अंधारात फुटल्यासारखी, शिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ.

"कुणाची तरी खोडी," धाकटी म्हणाली. आवाज तिचा तिलाच पटला नाही.

"खोडी करणारा आत कसा शिरला, बाई?" भोंग्याने विचारलं. या वेळी अगदी हळू.

"आत कशाला शिरायला हवं? दुसरीकडे ठोकलेली मेख आणून इथे भोसकली असेल. चल, रांग धर."

भोंगा रांगेकडे वळला. पण मेख उपसली तिथे जे भोक पडलं होतं, त्यात तिने जाण्याआधी एकदा वाकून पाहिलं. आत काळोख होता, आणि कोमट, ओल्या कपड्यांसारखा वास होता. चहाची सुट्टी संपवून ती परत आली, तेव्हा ते भोक बुजलेलं होतं. वर ओल्या मातीवर अंगठ्याचा ठसा होता.

'भोंग्याने बुजवलं असेल,' ती मनाशी म्हणाली. भोंग्याला विचारायचं मात्र तिने टाळलं.

४

"तुमची माणसं जेवायच्या सुट्टीतसुद्धा राबतात का गं?" ताईने विचारलं.

"नाही. का?"

"मग ठोकतंय कोण?"

दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाहेर टळटळीत दुपार होती. खिडकीतून टोळी झाडाखाली डबे उघडून बसलेली दिसत होती, भोंगा कुणाची तरी नक्कल करत होता. मोगऱ्या एका बाजूला पडलेल्या होत्या. धाकटीने सगळ्या नजरेने मोजल्या.

ठक ठक. ठाक्.

आवाज फरशीखालून आला. दोन हलके, एक जोराचा. पिंपातलं पाणी किंचित थरथरलं, वर एक गोल उमटला आणि कडेला जाऊन विरला.

"रोज याच वेळेला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, उलट थोडं कौतुकच होतं. "मी म्हटलं, आपली धाकटी किती मन लावून काम करते."

धाकटीने इंजिनिअरला बोलावून आणलं. तो बिचारा सरळ माणूस. त्याने जमिनीला कान लावला, भिंतीवर हात फिरवला, परसात चक्कर मारली. पाण्याखाली दगड घरंगळतात, त्यांचा आवाज मातीतून लांबवर जातो, असं त्याने सांगितलं. माती ओल धरून फुगतेय, म्हणून फरशी जराशी उचलली गेली असेल. काठ भक्कम आहे, त्याची काळजी नको. सगळं पटण्यासारखं होतं. धाकटीला ते पटायला हवंच होतं, म्हणून तिने मान डोलावली.

"फरशी उचलली गेलीय, ते एका अर्थी बरंच झालं," ताई त्याला म्हणाली. "उंबऱ्याला पाय अडायचा माझा. आता अडत नाही. फळीलाही हात पुरतो."

इंजिनिअर हसला. धाकटीने उंबऱ्याकडे पाहिलं. या घरात शिरताना उंबरा ओलांडून पाऊल खाली टाकावं लागायचं, लहान मुलं हमखास पडायची. आता आतली फरशी उंबऱ्याला लागून सपाट होती. एकही फरशी फुटली नव्हती, एकही सांधा सुटला नव्हता. जणू पहिल्यापासून तशीच.

फळीचा स्क्रू घट्ट होता. तो तिने आधीच तपासला होता.

५

त्या दिवसापासून धाकटीच्या डोक्यात एक विचार घर करून बसला. तो तिने कुणालाच सांगितला नाही, कारण सांगितला असता तर लोकांनी तिला वेड्यात काढलं असतं.

आपण काठ धरतो तो पाण्यापासून. पाणी खातं, आपण ठोकतो. पण काठाला आतली बाजूही असतेच की. त्या बाजूने पाहणाऱ्याला दिसत काय असेल? वर्षानुवर्षं वरून कुणीतरी खणतंय, पाया घालतंय, फरशा बसवतंय, मेखा आत खुपसतंय. मातीच्या आत जे कुणी असतील, त्यांचं थोडं थोडं कातरत आपण पुढे सरकतोय. त्यांच्या लेखी ओढा कोण, आणि पूर कुणाचा?

आणि त्यांनीही, आपल्यासारखंच, आपला काठ धरायला घेतला असेल तर?

'मुकाट्याने काम कर,' तिने स्वतःला बजावलं. पण एका संध्याकाळी ती ताईकडे गेली आणि दार ढकललं, तेव्हा दार फरशीवर खरवडत अर्धवटच उघडलं. अंग चोरून ती आत शिरली. दिव्याची वायर तिच्या कानाला लागली. पूर्वी तो दिवा बदलायला भावोजींना स्टुलावर चढावं लागे.

"ताई, बोचकी बांध. चल माझ्याकडे."

"आता? काठ धरल्यावर?" ताई पोळपाट पुसत होती. "पूर यायचा तेव्हा म्हणालीस राहा. आता पूर येणार नाही तर म्हणतेस चल. लहानपणी अशीच होतीस. वेणी घाल, वेणी सोड."

"घर बरोबर नाही."

"घराला काय झालंय? एवढं घट्ट तर कधीच वाटलं नव्हतं मला." ती धाकटीजवळ आली आणि तिचा गाल कुरवाळला. "तूच म्हणालीस ना, जागा सोडू नकोस. तू शब्द दिलास, मी शब्द ठेवला. आता कशाला घाबरतेस?"

धाकटीला रडू फुटलं. ती भांडली, पाया पडली, मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, येतो, पण परवा. ताई म्हणाली, परवा तर परवा, एवढंच असेल तर जाऊ. त्यावर दोघींचं मिटलं.

निघताना धाकटीला स्टूल दिसलं. फळीखाली, नेहमीच्या जागी. फक्त त्याचे पाय अर्धेच दिसत होते. उरलेले फरशीत गेले होते, आणि जिथे गेले होते तिथे भोवताली ओल्या मातीची बारीक वळी होती, दाबून गुळगुळीत केलेली.

तिने ताईला दाखवलं. ताईने चष्मा लावून पाहिलं.

"छान बसलंय की," ती म्हणाली. "डगमगायचं मेलं."

त्या संध्याकाळी धाकटीने ताईला सोबत म्हणून तिथेच थांबायचं म्हटलं. ताईने ऐकलं नाही. तुझ्या घोरण्याने मला झोप लागत नाही म्हणाली, आणि तिला दाराबाहेर काढलं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारीच आभाळ दाटून काळंकुट्ट झालं. वरच्या अंगाला पाऊस लागला होता, ओढा तांबडा होऊन फुगत होता. टोळी काठावर उभी राहून बघत होती. पाणी नव्या काठावर येऊन आदळत होतं आणि गुमान परत फिरत होतं.

"हलत नाही, बाई!" भोंगा ओरडला. "एक ढेकूळसुद्धा हलत नाही!"

सगळे आनंदाने ओरडायला लागले. धाकटी मात्र काठाच्या अंगाकडे बघत होती. तिरप्या टोकांची आता एक रांग नव्हती. कितीतरी रांगा होत्या, हात हात अंतराने, खालपासून वरपर्यंत, आणि त्या वर घराच्या पायापर्यंत गेल्या होत्या.

ती धावली.

दार वितभर उघडलं आणि थांबलं. तिने खांदा लावला. दार लाकडाला नाही, जमिनीला अडलं होतं. फटीतून तिने आत पाहिलं.

ताई पाठ दुखते म्हणून दुपारची चटईवर आडवी व्हायची. तशीच ती निजली होती, कुशीवर, एक हात डोक्याखाली. दिव्याचा गोळा तिच्या खांद्याच्या जरासा वर लोंबत होता. फळीवरचे डबे तिच्या उशाशी ठेवल्यासारखे दिसत होते. आणि तिच्या भोवती, चटईच्या कडेकडेने, तिरपी टोकं वर आलेली होती. पांढरीशुभ्र. हात हात अंतराने. पूर्ण रिंगण.

"ताई!"

ताईने डोळे उघडले. तिला धाकटी दिसली असावी, कारण ती हसली.

"अगं, ओरडतेस काय? किती गार वाटतंय."

"ऊठ! हात दे इकडे, सरकत सरकत ये!"

ताईने हात लांब केला. रिंगणातून पलीकडे. धाकटीने फटीतून दंड आत घातला, खांदा सोलून निघाला, आणि तिच्या बोटांना ताईची बोटं लागली. तिने ती घट्ट पकडली. लहानपणी रस्ता ओलांडताना ताई तिची पकडायची तशी.

"भोंग्या! पहार आण! लवकर!" तिने मागे वळून हाक मारली. तिकडे पावलं धावू लागल्याचा आवाज आला. "ताई, सोडू नकोस. मी धरलंय."

"मी कुठे सोडतेय?" ताई म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता, पांघरुणाखालून यावा तसा. "मी आहे जागेवर."

धाकटीने पुन्हा फटीला डोळा लावला, पण आता आत काही दिसत नव्हतं. फट भरत आली होती. नुसती हातातली बोटं होती, अजून उबदार. ती सोडायची नाहीत, एवढंच तिला ठाऊक होतं. पहार घेऊन माणसं येत होती, भोंगा सगळ्यांच्या पुढे ओरडत येत होता.

तेवढ्यात आत, अंधारात, तिच्या मनगटाला काहीतरी गार लागलं. ओली माती. मग एक अंगठा. तो तिच्या आणि ताईच्या गुंतलेल्या बोटांभोवती माती दाबत होता, सगळीकडून, हलक्या हाताने, कुठे हवा राहू नये म्हणून.